माफ केलंय, मग भेटायचं कशाला?

प्रश्न थोडक्यात असा. ओंटारियोत किचनरला राहणाऱ्या एका मराठी कुटुंबातल्या 16 वर्षांच्या मुलाने दोन मित्रांबरोबर एल्मायराच्या बाहेर, रात्री, रस्त्याकडेचा शेतमालाचा स्टॉल लाथा घालून मोडला. अंडी फोडली, पैशांचा डबा उचलला, निघताना पत्रपेटीवर बॅट मारली. मागून येणाऱ्या गाडीवाल्याने नंबर टिपून घेतला. शेतकरी 'अमिश किंवा मेनोनाइट' (साध्या राहणीचे ख्रिस्ती पंथ) आहे आणि त्याने पोलिसांना सांगितलंय की आम्ही मुलांना माफ केलं. तरीही प्रकरण समेट-बैठकीकडे, म्हणजे मुलगा आणि शेतकरी यांना समोरासमोर बसवण्याकडे, गेलंय. वडील विचारतात: समोरच्याने माफ केलंय तर भेटायचं कशाला? तिथे नेमकं काय होतं? वकील न्यावा का? आणि पैसे भरून हे मिटवता येणार नाही का?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बहुतेक घरांत पहिला विचार तोच असतो. चेक तुम्ही लिहिलात तर कागद मिटेल, पण मुलाच्या हातून काहीच घडलेलं नसेल. या शेतकऱ्याच्या लेखी तर पैशाचा मुद्दा तिसरा-चौथा असेल. त्याने माफ केलंय हे अगदी खरं धरा, तो तोंडदेखलेपणा नाही. पण त्याच्या समाजात क्षमा हे एक खातं आणि मोडलेलं सावरणं हे दुसरं. पहिलं त्याने बंद केलंय. दुसरं तुमच्या मुलाच्या नावावर अजून उघडं आहे.

आधी समोरचा माणूस ओळखून घ्या. एल्मायरा, सेंट जेकब्स, वूलविच टाउनशिप या पट्ट्यात बग्गी दिसली की लोक सरसकट 'अमिश' म्हणतात. इथे तो बहुधा ओल्ड ऑर्डर, म्हणजे जुनी रीत पाळणारा, मेनोनाइट असतो. सोपी खूण दाढीची: लग्न झालेला अमिश पुरुष दाढी राखतो आणि मिशी काढतो, तर इथला ओल्ड ऑर्डर मेनोनाइट गुळगुळीत दाढी करतो. अमिशांची रविवारची उपासना आळीपाळीने एकेकाच्या घरी किंवा कोठारात होते. ओल्ड ऑर्डर मेनोनाइटांची त्यासाठी साधी, मनोरा नसलेली सभागृहं असतात. इथल्या ओल्ड ऑर्डर घरांत वीज आणि फोन चालतो, मोटार, टीव्ही आणि कॉम्प्युटर चालत नाही. तसाच साधा पोशाख पण खाली काळी मोटार दिसली तर तो मार्कम-वॉटर्लू शाखेचा. ही शाखा 1939 मध्ये वेगळी झाली आणि तिने मोटार घेतली, पण काळ्या रंगाची. डेव्हिड मार्टिन गट यांच्याहून कडक. थोडक्यात, एका रस्त्यावर चार नियम नांदतात. म्हणून 'यांना हे चालतं का' हा प्रश्न गुगलला न विचारता तुमच्या फॅसिलिटेटरला, म्हणजे बैठक घडवून आणणाऱ्याला, विचारा.

मुळं सगळ्यांची एकच. 21 जानेवारी 1525 ला झुरिकमध्ये काही मंडळींनी प्रौढ वयात, स्वतःच्या समजुतीने बाप्तिस्मा घेतला. राज्य आणि चर्च दोघांनाही हा गुन्हा वाटला. त्यातल्या फेलिक्स मान्झला 5 जानेवारी 1527 ला लिमाट नदीत बुडवून मारलं. मेनो सायमन्स हा डच पाद्री 1536 मध्ये रोमन कॅथलिक चर्च सोडून यांना येऊन मिळाला, त्याच्यावरून मेनोनाइट हे नाव. चुकलेल्या सदस्यावरचा बहिष्कार किती कडक पाळायचा यावरून 1693 मध्ये याकोब अम्मानचा गट फुटला, ते अमिश. शस्त्र न उचलणं, शपथ न घेणं आणि सहधर्मीयाला कोर्टात न खेचणं या गोष्टी दोघांनी टिकवल्या. आणि हो, मेनोनाइट म्हणजे बग्गी हे समीकरणही अर्धवट आहे. जगातले बहुसंख्य मेनोनाइट आज आफ्रिका, आशिया आणि लॅटिन अमेरिकेत आहेत. रायपूरकडे नातेवाईक असतील तर त्यांना धमतरी विचारा. 1899 च्या दुष्काळात अमेरिकन मेनोनाइट मिशन तिथे आलं आणि तिथली मंडळी (चर्चचा सभासदवर्ग) आजही आहे. किचनरमध्ये तुमच्या ऑफिसात जीन्स घालून शेजारी बसणारी सहकारीसुद्धा मेनोनाइट असू शकते.

आता योगायोग पाहा. तुमच्या मुलाने जो उद्योग केला, जवळपास तसाच उद्योग त्याच एल्मायरात मे 1974 मध्ये झाला आणि त्यातूनच ही पद्धत जन्मली. 18-19 वर्षांच्या दोन पोरांनी दारूच्या नशेत एका रात्रीत 22 ठिकाणी मोडतोड केली: टायर फाडले, काचा फोडल्या, चर्चही सोडलं नाही. दोघांनी गुन्हा कबूल केला. मार्क यांत्झी हा मेनोनाइट प्रोबेशन अधिकारी आणि मेनोनाइट सेंट्रल कमिटी या मदतसंस्थेचा डेव्ह वर्थ यांच्या मनात आलं की या पोरांनी त्या घरी जाऊन तोंड दाखवावं. न्यायाधीश गॉर्डन मॅककॉनेल यांनी आधी कायद्यात असं काही बसत नाही म्हटलं, मग शिक्षा सुनावण्यासाठी महिनाभराची तारीख दिली आणि तेवढ्यात भेटून या म्हणून सांगितलं. पद्धत अगदी ओबडधोबड होती. पोरांनी दार वाजवायचं, 'आम्हीच ते' म्हणायचं आणि हे दोघे वही-पेन घेऊन मागे उभे. घर सोडून गेलेला एक सोडला तर 21 जणांना ते भेटले. नुकसान सुमारे 2,200 डॉलरचं होतं, त्यातलं निम्म्याच्या आसपास विम्यातून निघालं. प्रत्येकाला 200 डॉलर दंड, 550 डॉलरपर्यंत भरपाई आणि 18 महिने प्रोबेशन अशी शिक्षा झाली. काही महिन्यांत दोघे पुन्हा त्याच दारांवर गेले, या वेळी पैसे घेऊन. 1978 मध्ये इंडियानातल्या एल्कार्टला हीच कल्पना गेली. तिथे हॉवर्ड झेर यांनी तिला आकार दिला आणि पुढे 'रिस्टोरेटिव्ह जस्टिस' (मोडलेलं सावरणारा न्याय) या नावाने ती जगभर पसरली. किचनरची कम्युनिटी जस्टिस इनिशिएटिव्ज ही संस्था त्याच धाग्याची.

1974 ची पद्धत आज कोणी वापरत नाही आणि वापरूही नये. न सांगता दारात येऊन उभं राहणं म्हणजे नुकसान झालेल्या माणसाला दुसरा धक्का. आज बैठक दीड तासाची असली तर तिच्या मागे तयारीचे पाच-सहा तास असतात. बैठक फसते तेव्हा बहुतेक वेळा ती तयारीतच फसलेली असते.

कायद्याची बाजू. कॅनडाचा युवा गुन्हे न्याय कायदा 1 एप्रिल 2003 पासून लागू आहे आणि तो 12 ते 17 वयाच्या मुलांना लागतो. त्याच्या कलम 10 मध्ये कोर्टाबाहेरच्या कारवाईच्या अटी आहेत. खटला चालवण्याइतका पुरावा असला पाहिजे, मुलाने कृत्याची जबाबदारी स्वीकारली पाहिजे, समजून-उमजून आणि स्वखुशीने होकार दिला पाहिजे, आणि त्याआधी वकिलाशी बोलायची संधी त्याला मिळाली पाहिजे. म्हणजे वकील जरूर गाठा, पण होकाराच्या आधी. 'मी हे केलंच नाही' असं मुलाचं म्हणणं असेल तर ही वाट त्याच्यासाठी नाही. केवळ लवकर सुटका म्हणून खोटी कबुली देऊ नका. याच कलमाप्रमाणे या प्रक्रियेसाठी दिलेली कबुली पुढे दिवाणी किंवा फौजदारी खटल्यात त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येत नाही, आणि ठरलेलं सगळं पूर्ण केलं तर कोर्टाने आरोप काढून टाकायचा असतो. अशा कारवाईची नोंद होकाराच्या तारखेपासून दोन वर्षं पाहता येते. दोषी ठरल्याची नोंद वेगळी आणि ही वेगळी. तिघांतला एखादा 18 पूर्ण असेल तर त्याला हा कायदा लागत नाही. त्याचं प्रकरण प्रौढांच्या वाटेने, कदाचित वेगळ्या वेगाने जाईल. तेव्हा 'तिघांचं एकदम उरकू' असं गृहीत धरू नका. वकिलाला एक गोष्ट मात्र खास विचारा. ओंटारियोत मुलाने मुद्दाम केलेल्या मालमत्तेच्या नुकसानीसाठी आईवडिलांवर स्मॉल क्लेम्स कोर्टात दावा होऊ शकतो. ओल्ड ऑर्डर शेतकरी असा दावा लावायची शक्यता फारच कमी, पण कायदा माहीत असावा.

बैठकीत वकील सहसा बोलत नाही. फॅसिलिटेटरही निकाल देत नाही. आपल्याकडे 2007 पासूनच्या तंटामुक्त गाव मोहिमेतल्या समित्यांशी याची तुलना कराल म्हणून सांगतो: तिथे गावातले मान्यवर तोडगा सुचवतात, दोन्ही बाजूंना चार शब्द ऐकवतात. इथे फॅसिलिटेटरने शहाणपणाचं एकही वाक्य बोलायचं नसतं. त्याचं काम क्रम राखणं, प्रश्न विचारणं आणि गप्प बसणं. तिसरं सगळ्यात अवघड.

तयारी अशी चालते. आधी मुलाची भेट, शेतकऱ्याची नंतर. याचं कारण व्यवहारी आहे: शेतकऱ्याला आधी आशा लावली आणि मग मुलगा फिरला तर नुकसान झालेल्यालाच पुन्हा पाठ दाखवल्यासारखं होतं. मुलाची पहिली भेट 45 मिनिटं ते तासभर. तिघांची भेट वेगवेगळी घ्यायची. एकत्र घेतली तर तिघांची गोष्ट शब्दाला शब्द एक होते आणि त्यात प्रत्येकजण 'फक्त गाडीत बसलो होतो' असतो. ही भेट शक्यतो तुमच्याशिवाय होईल, राग मानू नका. मुलाला विचारतात: काय झालं, त्या वेळी डोक्यात काय चाललं होतं, नंतर काय वाटलं, कोणाकोणाला झळ पोहोचली, आता काय केलं तर सावरेल. चौथ्या प्रश्नाला पहिल्या भेटीत बहुतेक मुलं 'तो शेतकरी' एवढंच म्हणतात. दुसऱ्या भेटीपर्यंत यादी वाढते: शेतकऱ्याची बायको, गाडीवाला, पोलीस, स्वतःची धाकटी बहीण, आई. यादी वाढत नसेल तर बैठक पुढे ढकलायची. घाई करून काही मिळत नाही.

क्रियापदांकडे लक्ष द्या. 'स्टॉल तुटला', 'अंडी फुटली', 'जे झालं त्याबद्दल सॉरी' ही सगळी वाक्यं कर्त्याविना आहेत, जणू वादळ आलं होतं. 'मी फळी लाथेने मोडली. डबा मी उचलला. त्यातले पैसे आम्ही पेट्रोलला वापरले.' इथपर्यंत यायला मुलाला दोन भेटी लागतात. घरी तुम्ही एवढंच करा: तो सांगत असताना मध्ये 'पोरं मस्ती करतात' म्हणू नका आणि 'खानदानाचं नाव घालवलंस' असंही म्हणू नका. पहिल्याने कृत्य छोटं होतं, दुसऱ्याने तुमची बेअब्रू मोठी होते. दोन्हीत शेतकरी दिसेनासा होतो.

पत्र लिहायला सांगितलं तर हाताने, एक पान, त्याच्याच इंग्रजीत. तुम्ही मराठीत सांगून भाषांतर करून घेऊ नका आणि चॅटजीपीटीकडून तर मुळीच नको. 'माझ्या कृतीच्या परिणामांचे गांभीर्य मला उमगले आहे' छापाचं वाक्य फॅसिलिटेटर दुसऱ्या ओळीत ओळखतो, शेतकरी पहिल्याच. 'पण' हा शब्द पत्रात नको. 'मला माफ करा' ही विनंतीही नको, कारण तिने ओझं पुन्हा समोरच्यावर जातं, आणि इथे तर त्याने ते आधीच उचललंय.

आता त्या क्षमेकडे येऊ, कारण या बैठकीतली खरी अडचण तीच आहे.

2 ऑक्टोबर 2006 ला पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टर काउंटीत, निकेल माइन्सच्या एकखोली अमिश शाळेत एका माणसाने 10 मुलींना गोळ्या घातल्या. त्यातल्या 5 गेल्या. त्याने स्वतःलाही मारून घेतलं. त्याच संध्याकाळी काही अमिश शेजारी त्याच्या बायकोच्या आणि आईवडिलांच्या दारी गेले, पुढे त्याच्या दफनालाही गेले, आणि जगभरातून जमलेल्या मदतीतला काही भाग त्या विधवेसाठी दिला गेला. वर्तमानपत्रांना हा चमत्कार वाटला. या समाजांत वावरणाऱ्याला त्यात रियाज दिसतो. प्रभूच्या प्रार्थनेत 'जशी आम्ही आमच्या ऋण्यांना क्षमा केली' हे ते रोज म्हणतात, आणि तिच्या लगेच पुढची बायबलच्या मत्तय भागातली दोन वचनं (6:14-15) शब्दशः घेतात: तुम्ही माणसांना क्षमा केली नाहीत तर तुम्हालाही मिळणार नाही. वर्षातून दोनदा प्रभुभोजन (ख्रिस्ताच्या स्मरणाचा विधी) असतं. अमिशांत त्याच्या साधारण दोन आठवडे आधी मंडळीची सभा भरते. तिथे प्रत्येकाने सांगायचं की देवाशी, मंडळीशी आपला मेळ आहे. कुंपणावरून दोन भावांत धुसफूस असेल तर ती तोवर मिटवायची, नाहीतर प्रभुभोजन लांबू शकतं. म्हणजे दर सहा महिन्यांनी छोट्या रागांवर हात बसलेला असतो. मोठा घाव आला तेव्हा तोच हात पुढे झाला.

पण तिथेच दुसरं खातंही पाहा. निकेल माइन्सची ती शाळा त्यांनी 12 ऑक्टोबरला जमीनदोस्त केली आणि 2 एप्रिल 2007 ला दुसऱ्या जागी, दुसऱ्या नावाने नवी उघडली. क्षमा केली म्हणून काही झालंच नाही असं ते वागले नाहीत. स्वतःच्या बाप्तिस्मा घेतलेल्या सदस्याने गंभीर चूक केली तर त्याला मंडळीसमोर गुडघे टेकून कबुली द्यावी लागते, प्रसंगी काही आठवडे वेगळं राहावं लागतं, मग परत घेतात. बाहेरच्यांसाठी त्यांच्याकडे अशी रीत नाही. बाहेरच्याला ते क्षमा करून मोकळे होतात. ही उरलेली निम्मी वाट बांधण्याचा प्रयत्न म्हणजे यांत्झी-वर्थची कल्पना, असं माझं मत आहे.

प्रत्यक्ष बैठकीत काय होतं ते जवळून पाहा. सगळे बसले. मुलाने घसा साफ केला. तेवढ्यात शेतकरी हळूच म्हणतो, 'इट्स फरगिव्हन. काही बोलायची गरज नाही.' मुलाचे खांदे खाली येतात. तुम्ही पुढे झुकून दोनदा थँक यू म्हणता. चार मिनिटांत सगळं संपतं आणि मुलगा घरी जाताना शिकतो की काही केलं तरी चालतं. इथे फॅसिलिटेटरने क्षमेला हात लावायचा नाही. 'पण तुम्हाला राग आला असेलच ना' असं विचारणं म्हणजे त्या माणसाला त्याच्या श्रद्धेविरुद्ध बोलायला लावणं. तो नाहीच म्हणेल. प्रश्न त्या रात्रीबद्दल विचारायचा. आवाज पहिल्यांदा कोणी ऐकला? तेव्हा घरात कोण जागं होतं? सकाळी स्टॉलकडे आधी कोण गेलं? अंडी कोण गोळा करतं?

आणि मग बहुधा शेतकऱ्याऐवजी त्याची बायको बोलते. पुष्कळ घरांत स्टॉल मुलांच्या हवाली असतो: अंडी पुसणं, डझनाने भरणं, किमतीच्या पाट्या लिहिणं, संध्याकाळी डबा मोजणं. सकाळी सहाला नऊ वर्षांची मुलगी ट्रे घेऊन गेली आणि तिने कवचांचा चिखल पाहिला, एवढं वाक्य आलं तरी खोलीतली हवा बदलते. यानंतर शांतता येते. ती कोणी भरू नये. मनात वीसपर्यंत मोजा, पुन्हा मोजा. मुलाने पाठ केलेलं भाषण सहसा इथे गळून पडतं आणि जे निघतं ते तुटक असतं, पण त्याचं स्वतःचं असतं.

म्हणून बसायची जागाही ठरवून असते. गोल मांडलेल्या पाच ते आठ खुर्च्या, मध्ये टेबल नको (शेतघराच्या स्वयंपाकघरात लांब टेबल असतंच, तिथे इलाज नाही). मुलगा आणि शेतकरी अगदी समोरासमोर नको, थोडे तिरके. मुलाशेजारी दोन पालकांपैकी कमी बोलणारा, दुसरा एक खुर्ची सोडून. तुमच्या घरात कोण कुठे बसणार हे तुम्हीच ओळखा. वेळ दूध काढण्याची सोडून, म्हणजे सकाळ उजाडतानाची आणि संध्याकाळच्या जेवणाआधीची नको. रविवार तर नाहीच, आणि गवत कापणीच्या कोरड्या दिवसांतही नको. झूमवर काही होणार नाही. ओल्ड ऑर्डर माणूस स्वतः मोटार चालवत नाही, दुसऱ्याच्या गाडीत बसतो, त्यामुळे टाउनशिपच्या हॉलमध्ये भेटायचं असेल तर न्यायची-आणायची सोय फॅसिलिटेटर करतो. फोटो काढू नका, आठवण म्हणूनसुद्धा नाही.

मराठी घरांसाठी दोन खास सूचना. मुलाला 'काकांच्या पाया पड' म्हणू नका. गुडघे टेकणं या लोकांत देवासमोर आणि मंडळीसमोर असतं. माणसाने माणसापुढे वाकलं की शेतकरी अवघडून जाईल आणि बैठकीचा मध्यबिंदू मुलाकडून तुमच्याकडे सरकेल. दुसरं, पेढ्यांचा बॉक्स किंवा महागडी भेट घेऊन जाऊ नका. काही न्यायचंच वाटलं तर घरी केलेलं काहीतरी, काम पूर्ण झाल्यानंतरच्या भेटीत. भरपाईच्या आधी दिलेली भेट लाच नसली तरी तसा वास येतोच.

करारनामा बैठकीतच लिहितात आणि तो जितका रुक्ष तितका चांगला. समजा, लाकूड आणि खिळे 140 डॉलर, पत्रपेटी आणि खांब 60, बारा डझन अंडी 60, डब्यातले 40. एकूण 300, तिघांत प्रत्येकी 100. 'मुलं नुकसान भरून देतील' असं मोघम लिहिलं की दोन महिन्यांनी वाद ठरलेला. असं लिहा: दर शुक्रवारी 25 डॉलर, चार हप्ते, कोणामार्फत द्यायचे, एकाने हप्ता चुकवला तर बाकी दोघांवर त्याचा बोजा येणार की नाही. पैसे मुलाच्या कमाईचे किंवा त्याने सोडलेल्या कशाचे तरी असावेत. आगाऊ तुम्ही दिलेत तर त्याच्याकडून वसूल करण्याचा तक्ता घरात लावा आणि बैठकीत तसं सांगा. कामाचे तास वेगळे: दोन शनिवार, चार-चार तास, स्टॉल पुन्हा उभारायला. आकडे जागच्या जागी पावत्यांवरून काढायचे. शेतकरी हमखास कमी सांगतो. अंडी 'त्यात काय' म्हणून सोडून देतो. अशा वेळी फॅसिलिटेटरने डझनांची संख्या विचारायची, किंमत नाही. किंमत स्टॉलच्या पाटीवर असतेच.

तो पैसे घ्यायलाच नाही म्हणाला तर? आग्रह एकदा करा, दोनदा नको. मग रक्कम दुसरीकडे वळवता येते. मेनोनाइट सेंट्रल कमिटी ही रशियातल्या दुष्काळपीडितांसाठी 1920 मध्ये निघालेली मदतसंस्था, तिला देणगी किंवा तिच्या थ्रिफ्ट दुकानात मुलाचे तास, हा पर्याय शेतकऱ्यानेच सुचवलेला मला कागदावर पाहायला आवडेल. तुम्ही सुचवलात तर ती चतुराई वाटते. आणि करार पाळला जातोय का हे पाहण्याचं काम कार्यक्रमाचं, शेतकऱ्याचं नाही. मुलगा आला नाही तर तो तक्रार करणार नाही, हे माहीत असल्याने फॅसिलिटेटरने स्वतः फोन करायचा असतो.

शेतकऱ्याने भेटायलाच नकार दिला तरी सगळं संपत नाही. पत्र नेता येतं, निरोप आणता येतो, तशाच प्रकारचं नुकसान झालेल्या दुसऱ्या कोणाशी भेट घडवता येते. पण नकार हा पूर्ण उत्तर आहे. 'ख्रिस्ती आहात, मग भेटा की' असं कोणी सुचवू नये.

एवढं कौतुक केल्यावर उलट बाजूही सांगायला हवी. ही पद्धत स्टॉल, टायर, भिंती, शाळेतली मारामारी यांसाठी उत्तम. घरातला हिंसाचार आणि लैंगिक अत्याचार यांत, जिथे एकाचं दुसऱ्यावर वजन असतं, तिथे समोरासमोर बसवणं धोक्याचं आणि क्षमेची सक्ती तर क्रूर. साध्या राहणीच्या या समाजांतही 'त्याने कबुली दिली, तू माफ कर, विषय संपला' असं सांगून मुलींना गप्प केल्याची प्रकरणं बाहेर आली आहेत. शिकलेल्या मेनोनाइटांतही हे घडलं. अहिंसेच्या मांडणीसाठी जगभर वाचले जाणारे जॉन हॉवर्ड योडर यांनी शंभराहून अधिक स्त्रियांवर लैंगिक अत्याचार केल्याचं 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या इतिहास-संशोधनात नोंदलं गेलंय. त्यांच्याविरुद्ध तक्रारी झाल्या तेव्हा मत्तय 18 चा आधार घेऊन तक्रारदाराने एकटीने समोर येऊन बोलावं, असा आग्रह ते धरत. आधार बायबलचाच, आणि भेटही तीच, समोरासमोरची. म्हणून तयारीच्या भेटीत कोण कोणाला घाबरतं हे आधी पाहतात. तुमच्या प्रकरणात शेतकरी तुमच्या मुलाला घाबरत नसेल, पण ती नऊ वर्षांची मुलगी कदाचित घाबरेल. ती खोलीत असावी की नाही हे तिच्या आईने ठरवायचं.

सगळं मिळून चार ते आठ आठवडे धरा. शनिवारी कामाला जाताना मुलाला जुने बूट, स्वतःचे हातमोजे आणि डबा द्या. जेवायला आत बोलावलं तर त्याने जावं, ताटावर बसल्यावर प्रार्थना मनातल्या मनात होते, तोवर चमच्याला हात लावू नये. फोन गाडीत ठेवावा. आठ वाजता सांगितलं असेल तर पावणेआठला पोहोचावं, आणि तुम्ही त्याला फाटकाशी सोडून मागे फिरावं.